मूर्तिजापूरची पिवळी गाडी

प्रल्हाद,

तुझी तेरवी झाली त्याला आता आठवडा होईल. शाळेच्या प्रयोगशाळेतला तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा चुंबक अजून माझ्या खिशात आहे. तेरवीलाही होता. पंगतीत ताटावर वाकलो तेव्हा तो घरंगळून भाजीच्या वाटीवर आदळला आणि चारदोन माणसं वळून पाहायला लागली. तू असतास तर अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला असतास, "मास्तर, बुंदी बी तपासून राहिला का?" मी चुंबक पुसून परत खिशात ठेवला आणि खाली मान घालून जेवलो.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. अकोल्याच्या जठारपेठेतले फुलांचे जुने व्यापारी, कष्टाळू आणि मनमिळाऊ. मनमिळाऊ! अरे, शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून आपण भांडतो आहोत. पुढे मी अमरावतीला गेलो, भातकुलीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो, तू वडिलांची फुलशेती आणि दुकान सांभाळलंस, पण भांडण काही सुटलं नाही. एकच भांडण अर्धं राहिलं. तेच सांगायला बसलो आहे.

तुला गाडी घ्यायची होती. हे पेपरात आलं नाही.

पंधरा-वीस वर्षं तू पिकअप चालवलीस. वावरातला झेंडू, शेवंती, निशिगंध भरायचा आणि उजाडायच्या आत दुकानात उतरवायचा. परत जाताना कोणाचं खत, कोणाची सायकल, कोणाच्या घरच्या लग्नाची भांडी. तुला नाही म्हणता येत नव्हतं. एकदा पिकअपच्या बोनेटवर बसून तू म्हणालास, "मास्तर, मले अशी गाडी पायजे का जिच्यात एक पोतं बी मावलं नाई पायजे. मांगं सीटच नोको. म्हणजे कोनी म्हननार नाई, पल्लाद, जाता जाता एवढं घेऊन जाजो."

मी हसलो. म्हटलं, तशी गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. तुला शब्द आवडला नाही. तू तिला खेळाची गाडी म्हणायला लागलास. दोन दारांची, बुटकी, आवाज करणारी, फक्त रविवारी बाहेर काढायची आणि चिखलदऱ्याच्या घाटात न्यायची. नवी घेणं आपल्या सात पिढ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून जुनी. जुनी घ्यायची तर पारखून घ्यावी लागते, आणि पारखायला मी होतोच.

आपले रविवार असे सुरू झाले. मी बडनेऱ्याहून रेल्वे पकडायचो, तू अकोल्याहून पिकअप घेऊन यायचास, दोघांच्या मध्ये मूर्तिजापूर. स्टेशनबाहेर चहा, मग जिथे गाडी विकायला आहे तिथे. सुमनवहिनी म्हणायच्या, पोरगी पाहाले जाऊन राहिले जसे! खरंच तसंच होतं. घरचे लोक चहा द्यायचे, आपण इकडचं तिकडचं बोलायचो आणि 'कळवतो' म्हणून निघायचो.

माझी पद्धत चुंबकाची. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळून मी तो पत्र्यावरून फिरवायचो. अस्सल पत्रा असला की ओढ लागते. ठोकर बसून खड्डा पडलेला असेल आणि तो पुट्टीनं भरून वर रंग मारला असेल, तर तिथे चुंबक हातातून सुटतो. तुझी पद्धत नाकाची. तू दार उघडून आत डोकं घालायचास आणि डोळे मिटायचास. टोपलीतलं कोणतं फूल कालचं हे वासावरून सांगणारा माणूस तू, तुला गाडीचंही कळायचं. अकोल्याच्या त्या लाल गाडीला माझा चुंबक घट्ट बसला होता, मी तर हो म्हणणार होतो. तू डोकं बाहेर काढून म्हणालास, "हे पान्यात बसली हाय." मालक भडकला. तू खालचं पायपुसणं आणि त्याच्याखालचा गालिचा उचललास, तिथे पुराचा गाळ वाळलेला होता.

त्या दिवशी नियम ठरला. चुंबक आणि नाक, दोघांचं जुळलं तरच गाडी घ्यायची.

दोघांचं जुळतच नव्हतं. पळणारी असेल तर पोरांनी पिळून पिळून तिचा जीव काढलेला. चांगली असेल तर किंमत ऐकूनच आपण चहा अर्धा सोडायचो. एखादी इतकी बुटकी की आपल्याकडच्या गतिरोधकावर तिचं पोट अडकलं असतं. मी म्हणायचो, काळ्या मातीत रुतली तर काय करशील? तू म्हणायचास, "नाई नेनार मातीत. मातीत मी रोजच असतो ना बे."

आणि मग ती पिवळी. मूर्तिजापुरात, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या, गवतात बुडालेल्या रुळांपलीकडे, जनावरांचे एक म्हातारे डॉक्टर राहतात. गाडी त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. दोन सीट, वर कापडाचं टप, मागे डबा मावेल एवढीच जागा. आपल्याच देशात थोडी वर्षं बनलेली. डॉक्टरांचे गुडघे गेले होते, इतक्या खाली बसणं-उठणं होत नव्हतं, म्हणून विकायची होती. तू दार उघडून आत डोकं घातलंस ते बराच वेळ बाहेर काढलंच नाहीस. मग हळूच म्हणालास, "मास्तर, हे चांगल्यानं सांभाळेल हाय." आत बसलास. तुझे लांब पाय पहिल्यांदाच कोणत्या गाडीत नीट मावले. सीट तू अगदी मागे सारली होतीस.

डॉक्टर चहा सांगायला आत गेले आणि मी चुंबक काढला. दाराला लावला, सुटला. बोनेटला लावला, सुटला. मागे, पुढे, चाकांच्या वर, कुठेही बसेना. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. इतकी मोठी लबाडी मी एकट्यानं पकडली होती. दाराच्या खाली एक टवका उडाला होता, त्यात पांढरे धागे दिसत होते. ते तुला दाखवून मी कानात म्हणालो, "जाळी घालून लेप दिलाय. पूर्ण गाडी पुट्टीची आहे."

तू म्हणालास, "अख्खी गाडी पुट्टीची कशी राहीन बे? उभी कशी राहीन?"

"विज्ञान कोण शिकवतं? तू का मी?"

तू स्टिअरिंगवरचे हात काढलेस. डॉक्टरांचा चहा पिऊन आपण 'कळवतो' म्हणालो. परतताना पिकअपमध्ये तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, फसता फसता वाचला म्हणून गप्प आहे.

तीन आठवड्यांनी आमच्या शाळेच्या सायकल स्टँडचं छत वाऱ्यानं फाटलं. दुरुस्ती करायला आलेल्या कारागिरानं पांढरी जाळी अंथरली, वर डिंकासारखं काहीतरी ओतलं, आणि फाटलेल्या कडेतून तेच धागे लोंबत होते. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "फायबर हाय ना सर." मी तिथेच उभा राहिलो. गाडी फायबरचीही असते. तिच्यात पत्रा नव्हताच, तर चुंबक चिकटेल कुठे? चुंबक लोखंडाला ओढतो, लाकडाला, काचेला, प्लास्टिकला ओढत नाही. हे मी सहावीला शिकवतो. दरवर्षी शिकवतो, प्रल्हाद.

त्याच संध्याकाळी तुला फोन करायचा होता. नंबर काढला आणि ठेवून दिला. काय सांगणार होतो? भातकुलीत आणि अमरावतीतही कोणी जुनी मोटरसायकल घेतली तरी मला आधी दाखवतं. मास्तरचा चुंबक म्हणजे शेवटचा शब्द. आणि तू हे जन्मभर पुरवून पुरवून खाल्लं असतंस, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हार बांधता बांधता सांगितलं असतंस. म्हटलं, रविवारी भेटल्यावर सांगू. रविवारी तू तिचा विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. पुढच्या रविवारी वाटलं, आता ती विकलीच गेली असेल, सांगून उगाच तुझा जीव जळेल. ही सबब मला फार सोयीची वाटली. तिच्यावर मी एक वर्ष काढलं.

त्या वर्षात आपण आणखी सहा-सात गाड्या पाहिल्या. प्रत्येकीत मी काहीतरी खोट काढली. तुझं नाकही फार चिकित्सक झालं होतं. मला तेव्हा संशयही आला नाही.

शेवटच्या रविवारी स्टेशनबाहेर चहा पिताना तू विचारलंस, "मास्तर, त्या पिवळ्या गाडीचं तुले काई म्हनाचं होतं का?"

मी कपात पाहिलं. म्हणालो, "कोणती पिवळी?"

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "जाऊ दे." निघताना नेहमीप्रमाणे माझ्या घरच्यांसाठी शेवंतीची पुडी दिलीस. पुडीत चार फुलं जास्तच होती. त्यानंतर अकराव्या दिवशी तुझ्या मयूरीचा फोन आला. "काका, बाबा दुकानात बसल्या बसल्या गेले," एवढंच ती म्हणाली.

जठारपेठेतल्या सगळ्या फुलवाल्यांनी त्या दिवशी दुकानं बंद ठेवली आणि होता तो माल तुझ्यावर आणून टाकला. तू दिसत नव्हतास इतकी फुलं. त्यात कालची किती आणि आजची किती, हे कोणाला कळणार होतं? मी गर्दीत मागे उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, कोणती पिवळी, कोणती पिवळी. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मी तुझ्याशी शेवटचं जे खोटं बोललो ते हे.

तेरवीची माणसं पांगल्यावर सुमनवहिनींनी मला दुकानात बोलावलं. रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. चुंबक, सायकल स्टँड, फोन न करणं, सगळं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फायबर हाय म्हनून. तुमी पाहून आले त्याच रात्री डॉक्टरनं फोन करून सांगतलं होतं. हे इतके हसले का खोकला लागला. म्हने, मास्तरले सांगू नोको. त्याले सोताले समजन. समजलं का तो येऊन सांगन, मंग घेऊ गाडी."

"मग त्यानंच का नाही सांगितलं?"

"मी बी तेच म्हनत होती. म्हने, दोन सीटची गाडी हाय. दुसऱ्या सीटवर मास्तर बसन. तो मनातून हो म्हनला पायजे." पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "वाट पाहत होते तुमची. दर रविवारी आले का मी विचारो, बोलले का भाऊजी? म्हने, नाई अजून."

मी तुझ्यावर रागावलो आहे, प्रल्हाद. खरंच रागावलो आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तूही कमी नव्हतास. मी एक शब्द गिळून बसलो आणि तू माझी परीक्षा घेत बसलास. परीक्षा घेणं हे माझं काम. तू नुसतं म्हणायचं होतंस, मास्तर, तू गाढव आहेस. हजार वेळा म्हणालास, त्या एका वेळी का नाही म्हणालास? आपल्या दोघांना वाटलं, रविवार काही संपत नाहीत.

राग उतरला की दुसरं काहीतरी चढतं. मी आजपर्यंत कोणाकडून तरी हरलो आणि त्यानं ते झाकून ठेवलं, असं घडलेलं मला माहीत नाही. तू वर्षभर झाकलंस. मी प्रत्येक गाडीत खोट काढत होतो तेव्हा तूही नाक मुरडत होतास ते आता कळलं. दुसरी कोणतीही गाडी तुला पसंत पडूच द्यायची नव्हती.

काल रविवार होता. मी सवयीनं बडनेऱ्याहून निघालो. मूर्तिजापूरला मयूरी पिकअप घेऊन आली होती, मीच तिला बोलावलं होतं. तुझी पोरगी तुझ्याएवढी उंच झाली आहे. वहिनींनी तिला सांगितलं होतं वाटतं, कारण तिनं काही विचारलं नाही. आम्ही रूळ ओलांडून डॉक्टरांकडे गेलो.

गाडी तिथेच आहे.

डॉक्टर काठी टेकत शेडपर्यंत आले. म्हणाले, "दोघंतिघं येऊन गेले मागायला. मी दिली नाही. प्रल्हादभाऊंना शब्द दिला होता. ते दर रविवारी तुमच्या आधी इथे यायचे. वर झाकलेलं कापड काढायचे, इंजिन चालू करायचे, बॅटरी मरू नये म्हणून. आत बसायचे थोडा वेळ. मी म्हणायचो, घ्या एक चक्कर मारून. तर म्हणायचे, मास्तर येऊ द्या."

मयूरीनं दार उघडलं. बसायच्या आधी तिनं आत डोकं घातलं आणि डोळे मिटले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, किंवा लहानपणापासून पाहून आलं असेल. ती स्टिअरिंगपाशी बसली, तू मागे सारून ठेवलेल्या सीटवरून तिचे पाय बरोबर पोचले. मग तिनं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं आणि थेट तुझ्याच सुरात विचारलं, "बोला काका, काय म्हनते चुंबक?"

प्रत्येक गाडीपाशी तू हेच विचारायचास. मी म्हणायचो, 'चुंबक म्हणतो, चला घरी.'

मी चुंबक काढला. म्हणालो, "चुंबकाचा काही दोष नाही, मयूरी. ही गाडी फायबरची आहे. मी चुकलो होतो. चुकलो हे मला तीन आठवड्यांत समजलं आणि मी तुझ्या बाबाला सांगितलं नाही. त्यानं विचारलं तेव्हाही नाही."

डॉक्टरांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि खिशातून किल्ली काढली. मयूरीनं हात पुढे केला, पण त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "मास्तर, ते सांगून गेले होते. तुम्ही हे म्हणाल त्या दिवशी पहिली चक्कर तुमची. ते दुसऱ्या सीटवर बसणार होते."

मला गाडी चालवायला तूच शिकवलंस, पिकअपवर, वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं. बुटका मास्तर म्हणून पाठीमागे पोतं लावून द्यायचास. मयूरी उतरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मी स्टिअरिंगपाशी बसलो तर माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. ती खाली वाकली आणि म्हणाली, "काका, इथी खटका हाय. सीट पुढं घ्या."

"राहू दे," मी म्हणालो.

सीट मी पुढे घेतली नाही. काठावर बसून, बोटांच्या टोकांनी क्लच दाबत, रुळांपासून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून परत, अशी चालवली. मयूरीनं टप उघडून टाकलं होतं. गतिरोधकावर पोट घासलं, ते मी म्हणालो होतो तसंच. पाठ मी एकदाही टेकली नाही. तेवढी जागा तुझी होती.